दिसायला एकच ‘दऱ्या’

पडद्यावर ‘दऱ्या’ आणि ‘दर्‍या’ असे दोन शब्द शेजारी शेजारी आहेत. डोळ्यांना त्यांत तसूभरही फरक जाणवत नाही. तरीही जावास्क्रिप्ट या प्रोग्रामिंगच्या भाषेत दोघांच्या मधे बरोबरीचे तिहेरी चिन्ह ठेवून एंटर दाबले, की उत्तर येते ‘फॉल्स’, म्हणजे असत्य.

ब्रेंडन आइक यांनी १९९५ मध्ये नेटस्केप कंपनीत घडवलेल्या या भाषेचे दुहेरी बरोबरीचिन्ह बरेच बदनाम आहे, कारण संख्या आणि मजकूर समोरासमोर आले तर ते एकाचे रूपांतर करून मगच तुलना करते. १९९९ च्या प्रमाणकात आलेले तिहेरी चिन्ह तसे करत नाही, म्हणून प्रोग्रामर त्याच्यावर डोळे झाकून विसंबतात. इथे मात्र दोन्ही चिन्हांचे उत्तर एकच आहे. दोन्ही बाजूंना मजकूरच आहे, आणि मजकूर ताडताना भाषा अक्षराचे वळण पाहत नाही, त्यामागचे क्रमांक ओळीने पडताळते.

लांबी विचारली तर पहिल्या शब्दाची ५ येते, दुसऱ्याची ६. पहिल्यात द, २३५३ क्रमांकाचा ऱ, हलन्त, य आणि काना आहे. दुसऱ्यात २३५२ क्रमांकाचा साधा र आहे, आणि हलन्तानंतर ८२०५ क्रमांकाचा एक अदृश्य जोडक दडलेला आहे. अक्षरांना हे क्रमांक देणाऱ्या युनिकोड या प्रमाणकाला हा अर्धा र लिहिण्याच्या दोन्ही रीती मान्य आहेत. दुसरी जुन्या आवृत्तीशी सुसंगती राहावी म्हणून ठेवलेली आहे. आपला कळफलक यांपैकी कोणती वापरतो, हे टंकणाऱ्याला सहसा ठाऊक नसते, आणि ते त्याला ठाऊक असावे ही अपेक्षाही रास्त नाही.

२०१५ मध्ये भाषेत एकाच अक्षराच्या वेगवेगळ्या लेखनरीती एकसारख्या करणारे ‘नॉर्मलाइझ’ हे फंक्शन आले. र खाली नुक्ता, म्हणजे टिंब, देऊन लिहिलेल्या तिसऱ्या प्रकाराचा ते निमूटपणे ऱ करते, पण जोडकाला हात लावत नाही. मग एखादा चतुर प्रोग्रामर मजकुरातले सगळे जोडक पुसून टाकतो. त्यासरशी रफार डोक्यावर चढतो आणि डोंगरांमधल्या दऱ्यांचा दर्या होतो! म्हणून ‘र, हलन्त, जोडक’ हे त्रिकूट जिथे सापडेल तिथे ‘ऱ, हलन्त’ ठेवणारी एक ओळ स्वतः लिहावी लागते, आणि ती साठवलेल्या शब्दाला तसेच शोधासाठी टंकलेल्या शब्दालाही, तुलनेच्या आधी लावावी लागते. ती लावल्यावर दोन्हीकडे लांबी ५ भरते, आणि पडद्यावर ‘ट्रू’ उमटते.