वळू एक, याद्या अनेक

कृत्रिम रेतनासाठी वळूचं वीर्य भरलेली ही कांडी पाव मिलिलिटरची. उणे १९६ अंशांच्या द्रव नायट्रोजनमध्ये बुडवून ठेवली, की आतलं वीर्य वर्षानुवर्षं टिकतं. वळू एका खंडात आणि त्याच्या लेकी दुसऱ्या खंडात, हे आता सर्रास घडतं.

कांडी पोचवणं सोपं. घोडं अडतं ते वळू निवडताना. वळू काही दूध देत नाही. त्याची पारख लेकींच्या दुधावरून होते. आणि त्या दुधाचा हिशेब प्रत्येक देश आपल्या पद्धतीने मांडतो. कुठे किलो, कुठे पौंड, कुठे तुलनेचा पायाच निराळा.

हा गुंता सोडवायला १९८३ मध्ये 'इंटरबुल' हे आंतरराष्ट्रीय संघटन सुरू झालं. त्याचं केंद्र स्वीडनमध्ये, उप्सालाच्या कृषी विद्यापीठात आहे. देशोदेशीचे आकडे आणि वंशावळी तिथे जमा होतात. मेळ बसतो तो नात्यागोत्यावरून. एकाच वळूच्या लेकी अनेक देशांत दूध देत असतात, त्याची भावंडं आणि नातू इतरत्र पसरलेले असतात.

एवढं करूनही सगळ्या जगासाठी वळूंची एकच क्रमवार यादी निघत नाही, आणि खरं शहाणपण त्यातच आहे. न्यूझीलंडची गाय बहुतेक वर्ष कुरणात चरते. दुसरीकडे तीच जात गोठ्यात राहून धान्य-पेंडीवर जगते. इथला अव्वल वळू तिथे घसरू शकतो. म्हणून प्रत्येक देशाला त्याची स्वतःची यादी मिळते.

देवाणघेवाणीत दोषही प्रवास करतात. १९६२ मध्ये अमेरिकेत जन्मलेला 'चीफ' हा होल्स्टीन जातीचा वळू घ्या. लेकी १६ हजार, नाती ५ लाख, पणत्या २० लाखांवर! दूध वाढलं, पण त्याच्या वंशाबरोबर एक सदोष जनुकही जगभर गेलं. ते आई-बाप दोघांकडून आलं, की गर्भ पोटातच दगावतो. संशोधकांच्या अंदाजाने ३५ वर्षांत सव्वापाच लाख गर्भ गेले. तोटा ४२ कोटी डॉलर.

एखाद्या गोठ्यात गाय गाभडली, तर कोण वळूवर संशय घेणार? हजारो जनावरांच्या डीएनए तपासण्या एकत्र पाहिल्यावर, २०११ मध्ये, एक गोष्ट खटकली: हे जनुक ज्यात होतं, तो गुणसूत्राचा तुकडा आई-बाप दोन्हीकडून मिळालेलं एकही जनावर जिवंत सापडेना. आता वळूच्या माहितीपत्रकातच त्याची नोंद असते, आणि ते जनुक बाळगणाऱ्या, म्हणजे वाहक, वळूची कांडी वाहक गायीला वापरणं टाळतात.