नाशिकहून वॉशिंग्टनला फोन

(दृश्य : मुंबई-आग्रा महामार्ग, ओझर. डोक्यावरून सुखोई जाते.)

ओझरच्या माणसाला विमानाच्या आवाजाचं काही वाटत नाही. १९६४ साली हिंदुस्थान एरोनॉटिक्सचा कारखाना इथे आला तो मिग-२१ बांधण्यासाठी, आणि वस्तीचं नावच 'ओझर मिग' पडलं. पुढे मिग-२७ आली, मग सुखोई-३०. "मुलगा मिगमध्ये आहे" एवढं सांगितलं की स्थळाची बाकी चौकशी थोडक्यात उरकायची.

आपण ज्या घरात चाललो आहोत, तिथले बाबा याच कारखान्यातून फिटर म्हणून निवृत्त झाले. मुलगी अमेरिकेत असते, आता तिथली नागरिकही आहे. महिनाभराच्या सुट्टीवर ती नाशिकला आली आहे. सुट्टीत ती रोज एक काम न चुकता करते : इस्रायलला शस्त्रं विकण्याविरुद्धच्या ठरावाला मत द्या, असं सांगायला आपल्या सिनेटरांना, म्हणजे अमेरिकी संसदेच्या वरच्या सभागृहातल्या सदस्यांना, फोन.

(दृश्य : इंदिरानगरमधला फ्लॅट. टेबलावर वही, स्पीकरवर मोबाइल.)

संध्याकाळचे साडेसहा. आईने देवापाशी दिवा लावला आहे. वॉशिंग्टनमध्ये आत्ता सकाळचे नऊ वाजले आहेत आणि सिनेटरांची कार्यालयं उघडली आहेत. अमेरिकेच्या प्रत्येक राज्याला दोन सिनेटर असतात, म्हणजे फोनही दोन. पलीकडे बहुतेक वेळा विशीतला एखादा इंटर्न असतो. तो नाव विचारतो, पिनकोड विचारतो आणि फोन करणारी व्यक्ती खरंच आपल्या राज्यातली मतदार आहे का, ते बघतो. ठराव कोणता? बाजूने की विरोधात? रेशनच्या दुकानात कार्डावर खूण करतात तशी तो पटकन नोंद करतो. "थँक यू." फोन बंद.

एवढंच. कॅमेरा लावायला आम्हाला याहून जास्त वेळ लागला होता.

आईला वाटलं, आपणही एक फोन करावा. लेक म्हणाली, "अगं आई, तुझा फोन ते घेतील, पण मोजणार नाहीत. तू तिथली मतदार नाहीस ना." मग आईने वही सांभाळायचं काम घेतलं.

(दृश्य : वहीचं पान, जवळून.)

शाळेच्या दोनशेपानी वहीत आईचं गोल अक्षर. पहिल्याच पानावर हिशोब. २०१६ च्या करारानुसार अमेरिका इस्रायलला दहा वर्षांत ३८ अब्ज डॉलरची लष्करी मदत देते, वर्षाला ३.८ अब्ज. यातला मोठा भाग पुन्हा अमेरिकी कंपन्यांकडून शस्त्रं घेण्यातच खर्च होतो. पैसा करदात्यांचा. लेकीचं म्हणणं साधं आहे : "टॅक्स मी भरते, मग मी विचारायचं नाही तर कोणी?"

विचारायला वाट कुठली, तर १९७६ चा शस्त्र निर्यात नियंत्रण कायदा. मोठी शस्त्रविक्री करण्याआधी तिथल्या सरकारला संसदेला कळवावं लागतं. त्यावर नापसंतीचा ठराव आणता येतो. आणि इथे एक खुबी आहे. नेतृत्वाला हा ठराव कितीही नकोसा असला, तरी सिनेटमधला एकटा सदस्य तो समितीतून बाहेर काढण्यावर मतदान घ्यायला लावू शकतो. व्हर्मॉन्टचे सिनेटर बर्नी सँडर्स तेच करत आले. मतदान झालं की प्रत्येकाचं नाव 'हो' किंवा 'नाही'पुढे लागतं. सगळी खटपट त्या नावासाठी. ठराव मंजूर झालाच, तर अध्यक्षांचा नकाराधिकार आहे. तो ओलांडायला दोन्ही सभागृहांत दोन तृतीयांश मतं लागतात. या वाटेने आजवर एकही विक्री अडलेली नाही, हेही आईने लिहून ठेवलंय. लाल पेनाने.

पण त्याच पानावर, खाली, चौकटीत एक तारीख आहे : १५ ऑगस्ट १९७३. आपल्याकडे त्या दिवशी झेंडावंदन होतं. अमेरिकेत त्या दिवसापासून कंबोडियावरच्या बॉम्बफेकीचा पैसा कायद्याने बंद झाला. संसदेने तिजोरीला कुलूप घातलं आणि विमानं परतली. रस्त्यावरच्या मोर्चांइतकीच खासदारांच्या दारातली वर्षानुवर्षांची ये-जा त्यामागे होती. लेक फोन लावते तो याच भरवशावर.

(दृश्य : गॅलरी. बाबा खुर्चीत.)

बाबांना हे सगळं पटत नाही, आणि ते लपवतही नाहीत. "अगं, शस्त्रं होती म्हणून एकाहत्तरला आपण उभे राहिलो. मिग होती म्हणून. आणि ७ ऑक्टोबर २०२३ ला इस्रायलवर हल्ला करून सुरुवात हमासने केली, ते तुझ्या वहीत आहे का?" लेक म्हणते, "आहे बाबा. तुम्ही वाचा तरी." बाबा चष्मा शोधतात. पुढे दोघं बराच वेळ भांडली. आम्ही फक्त चहा आला तिथपर्यंतचं ठेवलंय.

(दृश्य : गोदाघाट, बुधवारचा बाजार. पावसाची भुरभुर.)

३० जुलै २०२५, बुधवार. गाडगे महाराज पुलाजवळ बाजार भरला आहे. पावसाळ्यात इथे पाणी किती चढलं, हे गोदावरीच्या पात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीकडे बघून ठरतं. गुडघ्याला, कमरेला, छातीला. आई मेथीची जुडी उलटीपालटी करून बघते, भाव करते, पुढे जाते. कोथिंबीर महाग आहे. आज रात्री, म्हणजे तिथल्या संध्याकाळी, सिनेटमध्ये दोन ठरावांवर मतदान आहे. एक बॉम्बच्या विक्रीविरुद्ध, दुसरा रायफलींच्या.

निकाल नाशिकला पहाटे कळला. रायफलींच्या ठरावाला २७ विरुद्ध ७०, बॉम्बच्या ठरावाला २४ विरुद्ध ७३. दोन्ही पडले. पुरवठा चालू राहिला. गाझातल्या मृतांचा आकडा तिथल्या आरोग्य मंत्रालयाच्या नोंदीप्रमाणे त्याच आठवड्यात साठ हजारांवर गेला होता.

(दृश्य : वही. आई आकडे लिहिते.)

नोव्हेंबर २०२४ मध्ये अशा ठरावाला जास्तीत जास्त १९ मतं मिळाली होती. एप्रिल २०२५ मध्ये १५. जुलैत २७. सत्तावीस म्हणजे सँडर्स ज्यांच्यासोबत बसतात त्या डेमोक्रॅटिक बाजूचे निम्म्याहून जास्त. पक्षाच्या नेत्यांना न जुमानता तिथे असं मत देता येतं. आपल्याकडे पक्षादेश मोडला तर पक्षांतरबंदी कायद्याखाली खासदारकी जाऊ शकते. आई म्हणाली, "मग आपल्या खासदाराला फोन करून काय उपयोग?"

प्रश्न रास्त आहे. इस्रायलला शस्त्रं पाठवणाऱ्या भारतीय कंपन्यांचे निर्यात परवाने थांबवा, अशी याचिका सर्वोच्च न्यायालयाने ९ सप्टेंबर २०२४ ला फेटाळली. परराष्ट्र धोरणात आम्ही पडणार नाही, असं न्यायालयाचं म्हणणं. मग उरली संसद. लोकसभेत नागरिकांचा अर्ज मांडता येतो, हे आम्हालाही या घरात येईपर्यंत ठाऊक नव्हतं. अर्ज मराठीत लिहिला तर सोबत हिंदी किंवा इंग्रजी भाषांतर जोडून त्यावरही सही करावी लागते. भाषा आदराची आणि संयमाची हवी, असा नियमच आहे. आईने 'निर्लज्ज' खोडून 'खेदजनक' लिहिलं, मग तेही खोडलं.

हिंदी भाषांतर बाबा करताहेत. मजकूर पटला म्हणून नव्हे. कारखान्यात देशभरच्या माणसांबरोबर काम केल्याने घरात हिंदी त्यांचीच चांगली. मधेमधे ते वाक्यं सौम्य करतात, आई ती पुन्हा कडक करते. खासदारामार्फत अर्ज मांडायचा तर त्यावर खासदाराचीही सही लागते. ती मागायला आई सोमवारी जाणार आहे, आणि बाबा स्कूटर काढणार आहेत.