हॉटेलच्या काउंटरवरचं ओळखपत्र

१९८७ सालचा रोमानिया. वसतिगृहाच्या खोलीत गबिता बॅग भरतेय. तिची मैत्रीण ओतिलिया मात्र या खोलीतून त्या खोलीत साबण आणि सिगारेटी शोधत हिंडतेय. दुकानात न मिळणारं बरंच काही इथे एखाद्या विद्यार्थ्याकडे मिळून जातं. केंट सिगारेटला सगळ्यात जास्त भाव. त्या काळी केंटचं पाकीट पुढे सरकवलं की डॉक्टरपासून कारकुनापर्यंत कुणाकडचंही काम व्हायचं.

दिग्दर्शक क्रिस्तियान मुंजिऊ यांचा 'चार महिने, तीन आठवडे, दोन दिवस' इथून सुरू होतो. २००७ मध्ये या चित्रपटाला कान महोत्सवात पाल्म दोर हा सर्वोच्च पुरस्कार मिळाला.

गबिताला दिवस गेलेत आणि तिला मूल नकोय. पण १९६६ मध्ये रोमानियाचा हुकूमशहा चाउशेस्कूने हुकूम क्रमांक ७७० काढला आणि मोजके अपवाद सोडून गर्भपात गुन्हा ठरवला. त्याला लोकसंख्या वाढवायची होती. पुढच्याच वर्षी जन्म जवळपास दुप्पट झाले. मूल नसलेल्यांना जादा कर, कारखान्यांत बायकांच्या सक्तीच्या तपासण्या. चोरून केलेल्या गर्भपातांत सुमारे दहा हजार बायका दगावल्या, असा अंदाज आहे. स्वतः मुंजिऊंचा जन्म १९६८चा. म्हणजे तेही हुकमानंतरच्याच पिढीतले.

यातला एकही आकडा चित्रपटात येत नाही. भाषणं नाहीत, मोर्चे नाहीत, पार्श्वसंगीतसुद्धा नाही. राजवट भेटते ती हॉटेलच्या काउंटरवर. खोली मागायला आलेल्या ओतिलियाला तिथली बाई ताटकळत ठेवते, नाही नाही ते प्रश्न विचारते. भेटायला येणाऱ्यालाही ओळखपत्र जमा करावं लागतं.

गर्भपात करायला आलेला बेबेही ते जमा करतो. हा माणूस फारसा आवाज चढवत नाही, म्हणूनच त्याची भीती वाटते. मी सांगितलेलं हॉटेल का घेतलं नाही? महिने खोटे का सांगितले? एकेक चूक मोजत तो दोघींना कोपऱ्यात घेतो. पैसे कमी पडतात, तेव्हा किंमत शरीराने चुकवावी लागते. दोघींनाही. आणि एवढं करून जाताना हा सावध गृहस्थ ओळखपत्र काउंटरवरच विसरतो!

मग ते जेवणाचं टेबल. गबिताला खोलीत एकटी सोडून ओतिलिया मित्राच्या आईच्या वाढदिवसाला आलीय. ओलेग मुतू यांचा कॅमेरा समोर ठाण मांडतो आणि कितीतरी मिनिटं हलत नाही. पाहुण्यांच्या खाण्यापिण्याच्या, आजकालच्या पोरांच्या गप्पा. मोठ्यांसमोर सिगारेट ओढते म्हणून तिलाच चार शब्द ऐकवले जातात. ओतिलिया झालेली अनामारिया मारिंका या प्रसंगात जवळजवळ काहीच बोलत नाही. माझ्या मते अख्ख्या चित्रपटातला हाच सगळ्यात जीवघेणा प्रसंग.

२५ डिसेंबर १९८९ला चाउशेस्कूला गोळ्या घातल्या गेल्या. त्यानंतर लगेचच गर्भपातबंदी उठली. २००७ मध्ये हा चित्रपट दाखवायची वेळ आली, तेव्हा रोमानियातल्या कितीतरी गावांत थिएटरच उरलं नव्हतं. मग मुंजिऊंच्या मंडळींनी प्रोजेक्टर गाडीत घातला आणि गावोगाव खेळ लावले.