हॅगिसच्या पंगतीला कोणती बिअर?

मंडळी, नमस्कार. पुढच्या शनिवारी आपल्या मंडळाचं बर्न्स सपर, म्हणजे स्कॉटिश कवी रॉबर्ट बर्न्सच्या आठवणीचं जेवण आहे आणि ६० पानांसाठी बिअर ठरवायचं काम माझ्याकडे आलंय. गेल्या आठवड्यात तिघाचौघांनी मला एकच गोष्ट विचारली, "अहो, बर्न्सच्या जेवणाला व्हिस्की असते ना? बिअर कशाला मध्ये आणताय?" तेव्हा आधी त्याबद्दल बोलतो.

रॉबर्ट बर्न्स २५ जानेवारी १७५९ ला स्कॉटलंडच्या एअरशरमधल्या ॲलोवे गावात जन्मला आणि १७९६ च्या जुलैमध्ये, अवघ्या ३७ व्या वर्षी गेला. पाच वर्षांनी, १८०१ साली, त्याच्या पुण्यतिथीला नऊ मित्र त्याच्या जन्मघरी जेवायला जमले. पहिलं बर्न्स सपर ते हेच. तोवर हे घर एअर गावच्या चांभारांच्या संघाने विकत घेतलं होतं आणि तिथे चक्क एल, म्हणजे एका प्रकारची बिअर, विकणारा गुत्ता चालत होता. म्हणजे ही परंपरा सुरू झाली तीच बिअरच्या घरात. बर्न्स स्वतः १७८९ पासून अबकारी खात्यात होता. घोड्यावरून खेडोपाडी फिरायचं, पिंपात मोजकाठी घालून दारू मापायची आणि कर लावायचा, ही त्याची नोकरी. त्याच्या कवितेतला टॅम ओ' शँटर बाजारच्या दिवशी एअरच्या गुत्त्यात शेकोटीजवळ बसून ताजी, फेसाळ एल पितो. त्यामुळे शुभेच्छांचा प्याला उंचावायला व्हिस्की हवीच, पण घासाबरोबर घोट घ्यायचा तो बिअरचा. व्हिस्कीने तिसऱ्या घासाला जीभ बधिर होते.

आता हॅगिस. वजडी आणि कलेजी ज्यांना आवडते त्यांना मी वेगळं काही सांगायला नको. मेंढीचं हृदय, यकृत आणि फुप्फुस बारीक करून त्यात ओट, कांदा, चरबी आणि भरपूर काळी मिरी घालतात, थोडं जायफळही असतं. बॅगपाइप वाजवणाऱ्याच्या मागून ताट येतं, यजमान बर्न्सची कविता म्हणतो, सुरी चालवतो. त्या क्षणी अगदी जवळ उभं राहून बघा. आवरण ताणलेलं असतं, सुरीचं टोक लागताच ते दोन्हीकडे मागे सरकतं आणि आतला करडा, रवाळ ऐवज वाफेसकट उसळून वर येतो. आधी मिरीचा वास येतो, मग भाजल्या ओटाचा आणि शेवटी चरबीचा. बिअर निवडायची ती या तीन वासांवरून.

पहिल्या वर्षी माझ्या घरी बर्न्स सपर होतं, तेव्हा मी हॅगिसबरोबर खूप कडू, हॉप्सनी (बिअरला कडूपणा देणाऱ्या फुलांनी) भरलेली आयपीए, म्हणजे इंडिया पेल एल, दिली. मला स्वतःला ती फार आवडायची, बाकी काही विचार केला नव्हता. हॉप्सच्या कडूपणाने मिरी दुप्पट तिखट झाली. एका मावशींनी दोन घासांनंतर ताट बाजूला सारलं, म्हणाल्या, "घसा जळतोय रे." चूक हॅगिसची नव्हती, माझ्या निवडीची होती, आणि मला ते अजून लागून राहिलंय. आयपीए स्कॉटलंडला परकी आहे असं मात्र कुणी समजू नका. एकोणिसाव्या शतकात एडिनबराच्या ब्रुअरींमधून हिंदुस्थानात पेल एलची पिंपं जहाजांनी जात होती. फक्त या ताटाशी तिचं जमत नाही.

जमतं ते माल्टचं. सातूला मोड आणून, सुकवून, भाजून माल्ट करतात. आपल्याकडे नाचणीला मोड आणून सत्व करताना घरभर जो गोडसर खरपूस वास सुटतो, त्याच जातीचा वास माल्टचा. हा गोडवा मिरीची धार बोथट करतो, भाजल्या ओटाशी त्याचं जुनं नातं असल्यासारखं जुळतं, आणि बिअरमधला वायू जिभेवरची चरबी धुऊन काढतो. म्हणून हॅगिस, नीप्स आणि टॅटीजला, म्हणजे पिवळ्या गराचा मोठा सलगम आणि बटाट्याच्या लगद्याला, मी ८० शिलिंग एल ठेवतोय. ६०, ७०, ८०, ९० शिलिंग ही नावं एकोणिसाव्या शतकातल्या पिंपाच्या भावावरून पडली. बिअर जितकी कडक तितका भाव जास्त. लेबलवर ८०/- असं छापतात, आपण बिलावर रुपयांपुढे मारतो तशीच खूण. रंग तांबूस-तपकिरी, चव टॉफीसारखी, मद्यांश चार टक्क्यांच्या आसपास. डनबारची बेलहेवन ब्रुअरी १७१९ पासून चालू आहे, तिची ही एल सहज मिळते. ज्यांना आणखी काळी हवी त्यांच्यासाठी ऑर्कनीची डार्क आयलंड आणतोय, ४.६ टक्क्यांची.

सुरुवातीला, कोंबडी आणि लीक या कांद्याच्या जातीच्या भाजीच्या कॉक-अ-लीकी सुपाबरोबर, हलकं काहीतरी हवं. लॉख फाइनच्या काठची फाइन एल्स ही ब्रुअरी यार्ल नावाची ३.८ टक्क्यांची सोनेरी एल करते, तिला लिंबाच्या सालीसारखा वास आहे. पण मनापासून सांगायचं तर माझी पसंती फ्राओख या हीदरच्या एलला आहे. हीदर म्हणजे स्कॉटलंडच्या डोंगरांवरचं जांभळ्या फुलांचं झुडूप. त्याची फुलं घालून बिअर करायची जुनी रीत १९८८ मध्ये ब्रूस विल्यम्स यांनी पुन्हा सुरू केली. आज विल्यम्स बंधूंची ब्रुअरी ॲलोआत आहे. हीदरबरोबर बॉग मर्टल या सुवासिक झुडपाची पानंही घालतात. वास फुलांचा, शेवट किंचित तुरट. जेवणाआधी हातात द्यायला याहून स्कॉटिश काही मला माहीत नाही.

शेवटी क्रॅनॅकन येतं. साय, रासबेरी, मध, भाजलेले ओट आणि चमचाभर व्हिस्की. इथे एक गोष्ट सांभाळायची. गोड पदार्थ बिअरपेक्षा गोड असला की बिअर पाणचट आणि कडू लागते. तेव्हा बिअर दाट हवी, आणि इथे माझ्या मनात एकच नाव आहे, ट्रॅक्वेअर हाउस एल. इनरलीदनजवळचा हा वाडा. त्याची जुनी ब्रुअरी अडगळीत पडून होती. १९६५ मध्ये वाड्याचे विसावे लेअर्ड, म्हणजे जमीनदार, पीटर मॅक्सवेल स्टुअर्ट यांनी ती साफसूफ करून पुन्हा चालू केली. तिथे बिअर आजही ओकच्या जुन्या लाकडी पिंपांत आंबते. ७.२ टक्के मद्यांश, रंग काळपट लाल, मनुका आणि काकवीची आठवण करून देणारी चव. थंडगार प्यायलात तर यातलं काहीच कळणार नाही. दहा-बारा अंशांवर, वाइनच्या छोट्या ग्लासात ओता आणि दोन मिनिटं तशीच राहू द्या. आधी लाकूड जाणवतं, मग हळूहळू मनुका वर येतात.

शाकाहारी मंडळींसाठी दोन शब्द. शाकाहारी हॅगिस १९८४ पासून मिळतं. डाळी, राजमा, ओट, भाज्या आणि तीच मिरी, त्यामुळे बिअर बदलायची गरज नाही. पण पिंपातली एल नितळ करायला पुष्कळदा माशाच्या पोटातल्या हवेच्या पिशवीपासून केलेलं आयझिंग्लास वापरतात. म्हणून मी बाटल्यांची लेबलं तपासून शाकाहारी टेबलाच्या वेगळ्या काढतोय. फ्रिजमध्ये फक्त फ्राओख आणि यार्ल जातील, बाकी सगळं सकाळपासून हॉलच्या मागच्या जिन्यात राहू दे, जानेवारीत तिथला गारवा पुरतो.

आणि गाडी चालवणाऱ्यांनी एकही घोट घेऊ नये. डिसेंबर २०१४ पासून स्कॉटलंडमधली मर्यादा १०० मिलिलिटर रक्तात ५० मिलिग्रॅम आहे, इंग्लंडच्या ८० पेक्षा बरीच कमी. त्यांच्यासाठी बिनअल्कोहोल स्टाउट, म्हणजे काळी बिअर, आहे, हॅगिसबरोबर तीही छान लागते.

ट्रॅक्वेअरची ३३० मिलिलिटरची एक बाटली तिघांत, म्हणून २० बाटल्या घेतल्या आहेत. त्या जिन्याच्या वरच्या पायरीवर असतील, आणि क्रॅनॅकन वाढायला घेईपर्यंत त्यांना कुणी हात लावायचा नाही.