दुप्पट दंडाची पावती

श्रोतेहो, नमस्कार.

कोल्हापुरात कुठल्याही चहाच्या गाड्यावर पाच मिनिटं उभं राहा, एक वाक्य कानावर पडतंच. "आम्हाला धरतात वो, पण ह्यांना कोण धरणार?" 'हे' म्हणजे पोलीस. नुकतीच पोलिसांची गाडी लाल सिग्नलमधून निघून गेलेली असते. चालवणाऱ्याच्या कानाला मोबाइल, सीटबेल्ट नुसता लोंबतोय. आणि त्याच चौकात पलीकडच्या कोपऱ्यावर कॉलेजचा एक पोरगा हेल्मेटसाठी बाजूला घेतलेला असतो. माझी हयात ड्रायव्हिंग स्कूल चालवण्यात गेली. क्लच कुठला, ब्रेक कुठला हे सांगून होतंय तोवर शिकाऊ मंडळी मला हाच प्रश्न घालायची.

उत्तर कायद्यात छापलेलं आहे. मोटार वाहन कायदा 1988 चा. 2019 साली त्यात मोठी दुरुस्ती झाली, दंड वाढले, आणि त्यावरून केवढा आरडाओरडा झाला तो तुम्हाला आठवत असेल. आपल्या राज्यात वाढीव दंड लागू व्हायला डिसेंबर 2021 उजाडला. त्या सगळ्या गोंगाटात एक कलम कुणाच्या कानावर गेलंच नाही. कलम 210-ब. हा कायदा राबवण्याचा अधिकार ज्यांच्या हातात आहे, त्यांनीच या कायद्याखालचा गुन्हा केला तर त्यांना दंड दुप्पट. पुन्हा सांगतो, रेडिओवर मागं जाऊन वाचता येत नाही. कलम 210-ब. राबवणाऱ्यानं मोडला, तर दंड दुप्पट. मग तो पोलीस असो नाहीतर आरटीओचा माणूस.

आता पोलिसांना सवलत आहेच का नाही? आहे. 2017 साली गाडी चालवण्याचे नवे नियम आले, त्यात अग्निशामक दल, रुग्णवाहिका आणि पोलीस यांना वाट देण्याचं सांगितलंय. खरंच तातडीचं काम असेल, सायरन आणि दिवा चालू असेल, तर त्यांना लाल सिग्नल ओलांडता येतो, वेग वाढवता येतो. तोही बघून, सांभाळून. तातडी हवी, सायरन-दिवा हवा आणि काळजी हवी, तिन्ही हवेत. साहेबांचा डबा आणणं ही तातडी नव्हे. साहेबांची पोरं शिकवणीला पोचवणं ही तर नव्हेच. मंत्र्यांच्या गाड्यांवरचे लाल दिवेसुद्धा 1 मे 2017 पासून उतरले, तिथं साध्या जीपची काय कथा.

दिव्यांवरून आठवलं. आपल्या चौकाचौकांत वाढदिवसाचे जे फलक लागतात ना, गळ्यात साखळ्या घातलेले, काळा चष्मा लावलेले चेहरे, त्यांच्यामागं सिग्नल दिसत नाही हो. लाल आहे का हिरवा, ते भाऊंच्या कानामागून वाकून बघायला लागतं. सिग्नल तोडला म्हणून जेवढा दंड, तेवढा सिग्नल झाकला म्हणून लावा, असं माझं स्पष्ट मत आहे. असो. विषय पोलिसांचा आहे.

तर या दुप्पट दंडाची एक हकिगत सांगतो. खरं तर ती सांगायला मिळावी म्हणूनच मी या भाषणाला हो म्हटलं.

गंगावेशीतल्या दूध कट्ट्यावर म्हैस समोर उभी करून धारोष्ण दूध पिणारे तुम्ही अनेकजण असाल. तिथं दूध घालणारे एक गवळी माझ्या चांगल्या ओळखीचे. त्यांना आपण आप्पा म्हणू. आप्पांची मैना नावाची म्हैस. दिवाळीच्या पाडव्याला आपल्याकडं म्हशी सजवून पळवतात हे तुम्हाला सांगायला नको. शिंगं रंगवायची, मोरपिसं लावायची, गळ्यात कवड्यांच्या माळा आणि घुंगरं घालायची. मग मालक मोटारसायकलवर पुढं, आणि म्हैस त्या गाडीच्या आवाजामागं सुसाट. हजार गाड्यांत ती आपल्या धन्याची गाडी कानानं ओळखते. त्यासाठी महिना-महिना आधी सराव असतो. आणि आवाज नीट ओळखू यावा म्हणून बुलेटची पुंगळी, म्हणजे सायलेन्सरचा आवाज दाबणारा भाग, काढलेली असते.

पुंगळी काढून बुलेट फिरवणं गुन्हा आहे, त्यात दुमत नाही. शेजारचं तान्हं पोर दचकून उठतं, दुखणाईत माणसाची झोप मोडते. आप्पांना मी हे कैकदा सांगितलं होतं. ते म्हणायचे, "सर, पाडव्यापुरतं हो."

दिवाळी आठवड्यावर आलेली. सकाळी आप्पा बुलेटवर, मागं मैना, आणि तिच्या मागं त्यांचा धाकटा काठी घेऊन पळतोय. एका चौकात वाहतूक शाखेच्या हवालदारानं हात केला. चौकाचं नाव सांगत नाही, मला रोज तिथूनच जायचं असतं. हवालदार म्हणाले, "मामा, पुंगळी कुठाय?" आप्पा म्हणाले, "घरात हाय." "मग गाडी आता आमच्याकडं." किल्ली घेतली. आप्पांनी थोडी गयावया केली, मग म्हणाले, "ठीक हाय, न्या. फक्त चालू करू नका, ढकलत न्या."

हवालदाराला वाटलं, मामा थट्टा करतोय. पाचशे पावलांवरच्या चौकीपर्यंत बुलेट ढकलत कोण नेईल? त्यांनी किक मारली. धडधडधड आवाज चौकभर घुमला. आप्पांच्या हातातला कासरा असा ओढला गेला की तळहात सोलून निघाला. मैना सुटली.

आता चौकीला जायची रीतीची वाट म्हणजे पुढं जाऊन वळसा घालायचा, कारण मधला रस्ता वन वे. हवालदारांनी वळसा घातला नाही. ते सरळ वन वेमध्ये उलटे घुसले. डोक्यावर हेल्मेट नाही. ते त्यांच्या स्वतःच्या गाडीच्या आरशाला अडकवलेलं, चौकातच. समोरून केएमटीची बस येतेय, रिक्षा येतायत, शाळेची व्हॅन येतेय. हवालदार शिट्टी फुंकत सगळ्यांना बाजूला सारतायत. आणि मागं चार-पाचशे किलोची मैना, निम्मी सजलेली, एक शिंग तांबडं आणि एक अजून रंगवायचं राहिलेलं. हवालदारांनी मागं बघितलं आणि घाबरून वेग वाढवला. वेग वाढला तसा आवाज वाढला. आवाज वाढला तशी मैना जास्त खूश. तिला वाटलं, पाडवा आला.

केएमटीच्या चालकानं बस थांबवली आणि खिडकीतून डोकं काढून विचारलं, "साहेब, म्हैस तरी वन वेची हाय का?"

वरात चौकीच्या आवारात शिरली. हवालदारांनी गाडी बंद केली आणि टेबलामागं जाऊन उभे राहिले. मैना बुलेटजवळ शांत उभी राहून रवंथ करायला लागली. आप्पा धापा टाकत मागून आले. पुंगळीचा दंड भरला, पुंगळी घरून आणून बसवली, तेव्हा गाडी मिळाली. इथपर्यंत सगळं रीतीप्रमाणं झालं.

खरी गंमत पुढं. त्या वन वेच्या तोंडाला कॅमेरा आहे. पाडवा झाला, भाऊबीज झाली, आणि आप्पांच्या मोबाइलवर संदेश आला. तुमच्या गाडीवर ई-चलन. हेल्मेट नाही आणि विरुद्ध दिशेनं वाहन चालवलं. आप्पा माझ्याकडं आले. "सर, ह्यो फोटो बघा की." मी चष्मा लावला. फोटोत आप्पांची बुलेट, नंबर स्वच्छ. वर पांढरा शर्ट, खाकी पँट, तोंडात शिट्टी. आणि मागून दोन शिंगं, एक तांबडं, एक काळं.

मी इतका हसलो की आमच्या मंडळी स्वयंपाकघरातून बाहेर आल्या.

मग मी आप्पांना कलम 133 सांगितलं. तुम्हीही ध्यानात ठेवा, उपयोगी आहे. गाडी त्या वेळी कोण चालवत होतं, ही माहिती पोलिसांनी मागितली तर मालकानं द्यावी लागते. कॅमेऱ्याला नंबर दिसतो, माणूस नाही. म्हणून चलन मालकाच्या नावावर येतं. गाडी दुसऱ्याच्या हातात असेल तर तो कोण, हे सांगायचं काम मालकाचं. आप्पा म्हणाले, "मग चला, सांगून येऊ."

गेलो. तिथल्या मोठ्या साहेबांसमोर आप्पांनी फोटो ठेवला आणि म्हणाले, "साहेब, गाडी माझी हाय, म्हैस माझी हाय. मधला माणूस तुमचा हाय. त्येवढं नाव लिवून घ्या." साहेबांनी फोटो बघितला, मोठा करून बघितला. मग रुमाल काढून डोळे पुसले आणि हवालदाराला आत बोलावलं. हवालदारांना फोटो दाखवायची गरज पडली नाही. आप्पांना बघूनच त्यांनी खिशात हात घातला. आप्पा कसले थांबतायत. "साहेब, तुमच्या माणसाला डबल हाय म्हणं?" साहेबांनी विचारलं, "कुणी सांगितलं?" आप्पांनी माझ्याकडं बोट केलं. 210-ब मी तोंडपाठ म्हणून दाखवलं.

साहेब म्हणाले, "बरोबर आहे तुमचं. पण या यंत्रात दुप्पट कुठं दाबायचं, ते बघावं लागेल."

त्या दिवशी हवालदारांनी पैसे भरले, पण एकपटच. दुसऱ्या पटीचं यंत्रात पुढं काय झालं, ते आप्पा अजून विचारत असतात.

श्रोतेहो, माझा वेळ बराचसा मैनानं खाल्ला, पण मुद्दा तिच्यामुळंच सोपा झालाय. आप्पांच्या फोटोत माणूस ओळखू आला, कारण मागं म्हैस होती. पोलिसांच्या जीपमागं म्हैस नसते. जीपचं चलन निघालं तर ते खात्याच्या नावावर. खातं म्हणजे सरकार, आणि सरकारचा पैसा म्हणजे तुमचा-माझा. चालवणाऱ्याच्या खिशाला झळच नाही, मग त्याचा पाय ॲक्सिलरेटरवरून उचलणार कशाला? नाव शोधणं अवघडही नाही. प्रत्येक सरकारी गाडीचं लॉगबुक असतं. गाडी कुणी चालवली, कुठून कुठं, किती किलोमीटर, कशासाठी, हे रोज लिहावं लागतं. कलम 133 खाजगी मालकाला आहे तसं खात्यालाही आहे. लॉगबुक उघडायचं, नाव काढायचं, दंड त्याच्यावर लावायचा, तोही दुप्पट. पुन्हा सांगतो: लॉगबुक, नाव, दुप्पट.

चौकात उभ्या असणाऱ्या हवालदाराबद्दल माझ्या मनात आकस नाही. एप्रिलच्या उन्हात ताराराणी चौकात तासभर उभं राहून बघा, धुरानं घसा बसतो. रात्री बंदोबस्त, सकाळी परत चौक. पण त्याच माणसानं ड्युटी संपल्यावर हेल्मेट हँडलला अडकवून घरी जायचं, हे त्याच्याही जिवाला बरं नाही. 2022 साली देशात हेल्मेट न घातलेले 50,029 दुचाकीस्वार आणि मागं बसणारे अपघातांत गेले. हा सरकारचाच आकडा. डोकं आपटतं तेव्हा डांबर हुद्दा विचारत नाही.

आणि तुम्हीसुद्धा, घरातल्या पोराच्या खाजगी गाडीवर 'पोलीस' असं लिहू नका. काका खात्यात, मामा खात्यात, म्हणून भाच्याच्या मोपेडला पाटी! तसंच त्या नंबरप्लेटचं. आकडे वाकवून 'दादा' आणि 'राम' लिहायचं, आणि मग म्हणायचं कॅमेरा चुकीचा आहे. नंबरप्लेटवर नंबर हवा, एवढंच.

कोल्हापूरकर पैसे द्यायला मागं हटतात, असं बाहेरचे म्हणतात. तसं नाही. टोलविरुद्ध आपण वर्षानुवर्षं रस्त्यावर उतरलो आणि टोल घालवला. त्यातही राग पैशापेक्षा कुणाकडून आणि कशाचे घेताय याचाच होता. दंडाचंही तसंच आहे. हवालदाराची पावती फाटलेली एकदा दिसली, तर आपली पावती मुकाट्यानं घेतली जाईल.

ती फाटते का, हे बघायचा एक सोपा मार्ग सांगतो. माहितीचा अधिकार. पोलीस अधीक्षक कार्यालयातल्या जनमाहिती अधिकाऱ्यांच्या नावे साधा अर्ज करायचा. एकच प्रश्न: गेल्या वर्षभरात आपल्या जिल्ह्यात कलम 210-ब खाली किती चलनं झाली, आणि किती रक्कम कर्मचाऱ्यांनी स्वतः भरली. आपल्या राज्यात असा अर्ज एकाच विषयावर आणि दीडशे शब्दांत बसवावा लागतो. वर दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट. तीस दिवसांत उत्तर यायला हवं. आप्पांच्या धाकट्यानं हा अर्ज परवाच लिहून काढलाय, अक्षर चांगलं आहे त्याचं. फक्त अर्ज दिल्यावर दुसऱ्या प्रतीवर पोहोचेचा शिक्का घ्यायला विसरू नका.

नमस्कार.