विंचेस्टरचा पाणबुड्या

(दृश्य : अंधारं तळघर, स्थिर पाणी)

इंग्लंडमधल्या विंचेस्टर कॅथीड्रलचं, म्हणजे इथल्या बिशपच्या मुख्य चर्चचं, हे तळघर. हिवाळ्यातल्या पावसानं जमिनीतलं पाणी वर चढतं आणि इथे साचून राहतं. त्यात एक माणूस उभा आहे, ओंजळीतल्या पाण्याकडे टक लावून. शिल्पकार अँटनी गॉर्मली यांनी स्वतःच्याच देहाच्या साच्यावरून हे शिल्प घडवलं. पण या वास्तूचं पाण्याशी असलेलं भांडण त्याहून फार जुनं आहे.

१०७९ मध्ये नॉर्मन बिशप वॉकेलिन यानं इचन नदीजवळच्या ओलसर जमिनीवर बांधकाम काढलं. तेराव्या शतकात पूर्वेला जो भाग वाढवला, त्याच्या पायात बीच झाडाचे ओंडके घातले. खाली होतं पीट, म्हणजे कुजलेल्या झाडपाल्याची काळी, भुसभुशीत माती. सातशे वर्षं भिंती गुपचूप खचत राहिल्या. विसावं शतक उजाडलं तेव्हा त्या कलल्या होत्या, भेगा रुंदावत होत्या.

पाया भरायचा तर खणायला हवं. खणलं की पाणी भरणार. पाणी उपसावं, तर त्यासोबत माती वाहून जाऊन भिंतच बसायची! अभियंता फ्रान्सिस फॉक्स यांनी तोड काढली : पाणबुड्या बोलवा.

(दृश्य : जुनं कृष्णधवल छायाचित्र, धातूचं शिरस्त्राण)

विल्यम वॉकर. १९०६ ते १९११, दिवसाचे सहा तास पाण्यात. खड्डे सहा मीटरपर्यंत खोल, पाणी असं गढूळ की डोळ्यांत बोट घातलं तरी दिसू नये. सगळं काम हातानं चाचपून. पोशाख इतका जड की जेवणाच्या सुट्टीत तो फक्त शिरस्त्राण उतरवी, चार घास खाई, पाइप ओढी आणि पुन्हा खाली. त्यानं काँक्रीटच्या पोत्यांनी तळ बंद केला की पाणी उपसून गवंडी वरचं बांधकाम करत. या कामात सुमारे २५,००० पोती काँक्रीट आणि ९ लाख विटा गेल्या.

(दृश्य : पश्चिमेची भव्य खिडकी)

या रंगीत काचांमध्ये चित्र शोधू नका. १६४२ मध्ये, यादवी युद्धात, राजाविरुद्ध लढणाऱ्या पार्लमेंटच्या सैनिकांनी इथल्या पेट्यांत जपलेली सॅक्सन, म्हणजे नॉर्मनांआधीच्या, राजांची हाडं काढून खिडक्यांवर भिरकावली. नंतर काचांचे तुकडे जमतील तसे जोडले. पेट्यांतली हाडंही तशीच, सरमिसळ.

उत्तरेच्या बाजूला जेन ऑस्टेन विसावली आहे. १८१७ च्या शिळेवर तिच्या गुणांचं कौतुक आहे, पण ती कादंबऱ्या लिहायची याचा उल्लेख नाही. त्यासाठी १८७२ चा पितळी फलक शेजारी पाहावा लागतो.

गावात ग्रेट हॉल या जुन्या दरबारी दालनाच्या भिंतीवर दंतकथेतल्या आर्थर राजाचं म्हणवलं जाणारं गोल मेज टांगलंय. लाकूड तेराव्या शतकातलं, रंगकाम आठव्या हेन्री राजाच्या काळातलं, आणि आर्थरचा चेहरा, योगायोगानं म्हणू या, बराचसा हेन्रीसारखा. पाय थकले नसतील तर नदीकाठानं सेंट क्रॉसपर्यंत जा. तिथल्या जुन्या धर्मशाळेत मागणाऱ्या वाटसरूला आजही पावाचा तुकडा आणि बिअरचा घोट मिळतो.

(दृश्य : पुन्हा कॅथीड्रल, छोटा पुतळा)

वॉकर १९१८ च्या फ्लूच्या साथीत गेला. १९६४ मध्ये इथे त्याचा छोटा पुतळा बसवला, आणि मग घोळ उघडकीला आला. छायाचित्र पाहताना गफलत झाली होती. अंगात पोशाख पाणबुड्याचा, चेहरा मात्र अभियंता फॉक्स यांचा. वॉकरला स्वतःचा चेहरा मिळायला २००१ उजाडलं.