पितळ, पाणी आणि पोलादी पिना

श्रोतेहो, समोरच्या टेबलावर मी पितळेच्या दोन टोप्या ठेवल्या आहेत. दोन्ही रॉकेलच्या जुन्या स्टोव्हच्या पंपाच्या आहेत आणि दोन्ही चोर बाजारात घेतलेल्या स्टोव्हांतून निघाल्या. डावीकडची पिवळीधमक आहे. उजवीकडची तांबूस, जवळजवळ गुलाबी झाली आहे आणि बोट फिरवले तर किंचित खरखरीत लागते. दोन्ही एकाच ड्रममध्ये, त्याच पोलादी पिनांनी स्वच्छ केल्या. फरक पडला तो पाण्यात मी किती आम्ल घातले आणि ड्रम किती वेळ फिरू दिला यामुळे, आणि आज मला मुख्यतः त्या फरकाविषयीच बोलायचे आहे.

पद्धत साधी आहे. रबराचे अस्तर असलेला, घट्ट झाकणाचा ड्रम आडवा ठेवून मोटरने सावकाश फिरवायचा. त्यात स्टेनलेस स्टीलच्या, साधारण १ मिलिमीटर जाड आणि ६ मिलिमीटर लांब पिना, स्वच्छ करायचे भाग, ते बुडून वर दोन बोटे राहील इतके पाणी, भांडी घासायच्या लिक्विडचे काही थेंब आणि चिमूटभर लिंबूसत्त्व घालायचे. ड्रम दोन तृतीयांशापेक्षा जास्त भरू नये, कारण आतल्या मालाला कोसळायला जागा लागते.

आपल्या आजीच्या पिढीने तांब्याचा हंडा चिंच आणि राख लावून घासला, त्यातही हेच तत्त्व होते. चिंचेतले टार्टारिक आम्ल काळा थर विरघळवते आणि राख तो खरवडून काढते. ड्रममध्ये चिंचेची जागा लिंबूसत्त्व घेते, मात्र राखेची जागा घेणाऱ्या पिना धातू खरवडत नाहीत. त्या गुळगुळीत असतात. हजारो वेळा घसरत, दाबत, हलके ठोके देत त्या सुटलेला थर उचलतात आणि पृष्ठभाग दाबून चकचकीत करतात. साबण सुटलेली काजळी पाण्यात तरंगत ठेवतो, म्हणून ती पुन्हा भागावर बसत नाही. आट्यांच्या खाचांत, जिथे ब्रशचा केससुद्धा नीट पोचत नाही, तिथे पिनेचे टोक पोचते, आणि या पद्धतीवर माझा जीव आहे तो त्यासाठीच.

वेग वाढवला की काम लवकर होईल, हा समज खरा नाही. ड्रमचा व्यास मीटरमध्ये घेऊन त्याच्या वर्गमुळाने ४२.३ ला भागले की मिनिटाला किती फेऱ्यांवर आतला माल कडेला चिकटून ड्रमबरोबरच फिरू लागेल ते कळते. १५ सेंटिमीटरच्या ड्रमसाठी हा आकडा ११० च्या जवळ येतो. त्या वेगाला घासणे थांबते. माझा ड्रम मी ५० ते ६० फेऱ्यांवर ठेवतो; तेवढ्या वेगात माल वर चढतो आणि उतारावरून घसरत खाली येतो, आणि खरे काम त्या घसरणाऱ्या थरातच होते.

आता गुलाबी टोपीकडे येऊ. पितळ म्हणजे तांबे आणि जस्त यांचा मिश्रधातू, आणि या दोघांत आम्लाला आधी बळी पडते ते जस्त. साडेतीन लिटरच्या ड्रमला पाव चहाचा चमचा लिंबूसत्त्व आणि एक ते दोन तास पुरेसे असताना मी दोन मोठे चमचे घातले आणि ड्रम रात्रभर चालू ठेवला. पृष्ठभागावरचे जस्त निघून गेले, तांबे मागे उरले. हा थर पातळ असतो आणि पॉलिशने निघतो, पण टोपीच्या आतल्या बारीक आट्यांपर्यंत पॉलिशचे चाक जात नाही. म्हणून आता मी अर्ध्या तासाने ड्रम थांबवून एक भाग बाहेर काढून पाहतो.

अमोनिया असलेला क्लीनर पितळेला कधीही लावू नये. ब्रिटिश काळात हिंदुस्थानातल्या लष्करी साठ्यांतली पितळी काडतुसे पावसाळ्यात आपोआप तडकत असत. तबेल्यांतल्या मूत्रातून येणारा अमोनिया, दमट हवा आणि दाबून घडवताना पितळेत राहिलेला ताण यांच्या संगनमताने ते घडते, हे १९२१ मध्ये स्पष्ट झाले. स्टोव्हची टाकीही पत्रा दाबूनच घडवलेली असते आणि मुंबईचा पावसाळा चार महिने चालतो.

ॲल्युमिनियम, जस्ताचे ओतीव भाग आणि मुलामा दिलेले भाग ड्रममध्ये घालू नयेत. लिंबूसत्त्वाऐवजी पाण्यात धुण्याचा सोडा घातला तर ॲल्युमिनियम काळे पडतेच, शिवाय त्यातून हायड्रोजन सुटतो आणि बंद ड्रममध्ये दाब वाढतो. लोखंडी स्क्रू पितळेबरोबर घातले तर आम्लात उतरलेले तांबे त्यांच्यावर चढते. स्टोव्हचा निप्पलही बाजूलाच ठेवावा; त्याच्या सूक्ष्म भोकात पिना शिरत नाहीत, पण बाहेरून ठोके बसून भोकाची कड मिटू शकते आणि ज्योत बिघडते. बर्नरच्या नळ्यांत उलट होते. पिनेच्या जाडीच्या दुपटीएवढे भोक असेल तर दोन पिना शेजारी शेजारी अडकतात आणि हलता हलत नाहीत. ड्रममधून काढलेला प्रत्येक भाग मी कानाशी धरून हलवतो, मग दिव्यासमोर धरून आरपार पाहतो. पिनांना लोहचुंबक बहुधा ओढून घेतो, त्यामुळे सांडलेल्या पिना गोळा करणे सोपे जाते.

सुकवणे हे मुंबईत खरे अवघड काम आहे. जुलैत भाग नुसता फडक्यावर ठेवला तर आट्यांतले पाणी तिथेच राहते आणि दोन दिवसांत डाग उमटतात. म्हणून शेवटचे विसळणे कढत पाण्याने करावे. तापलेला धातू स्वतःच्या उष्णतेने कोरडा होतो. नंतर केस वाळवण्याच्या यंत्राची हवा भोकांतून सोडावी. नळाच्या पाण्याचे पांढरे ठिपके नको असतील तर बॅटरीत घालायचे डिस्टिल्ड पाणी वापरावे.

ड्रममधून निघणारे काळे पाणी मात्र हलक्यात घेऊ नका. खरादावर वळवायच्या पितळेत सुमारे ३ टक्के शिसे असते, आणि त्यातले थोडे या पाण्यात येते. हातमोजे घालावेत, स्वयंपाकघरातली चाळणी आणि मोरी वापरू नये, आणि हे पाणी गॅलरीतल्या तुळशीच्या कुंडीत ओतू नये. मी ते झाकणाच्या बादलीत दोन दिवस ठेवतो, वरचे निवळ पाणी हलक्या हाताने वेगळे करतो आणि तळाचा गाळ डब्यात साठवून घातक कचऱ्याबरोबर देतो.